रुमालाखाली

बाबा हळदीच्या सौद्यात मापाडी होते.
रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा, म्हणे,
तोंडानं मात्र पाहुण्यारावळ्यांच्या गप्पा.
मी ते पाहिलं नाही, ऐकलंय फक्त.
त्यांच्या नखांतली पिवळाई तेवढी पाहिली,
ती शेवटपर्यंत गेली नाही.

आज जिल्हा परिषदेच्या तिसऱ्या मजल्यावर
रुमाल नाही. भिंतीवर पडदा आहे,
पडद्यावर आकडा, एवढा मोठा
की मागच्या रांगेतल्या बिराजदारांना चष्म्याशिवाय दिसावा:
एका क्षयरुग्णामागे, पूर्ण उपचाराचे, सातशे.
तरी भाव कशाचा ठरतोय
ते कुणालाच नीट कळत नाहीये.

आम्ही अकरा मेडिकलवाले.
कुपवाड, बुधगाव, मिरज,
बिराजदार तर जतहून पहाटेच्या एसटीनं.
प्रत्येकाच्या पिशवीत मागच्या करारातली थकलेली बिलं,
माझी चौदा महिन्यांची.

तांबोळी उठतात, "साहेब, सातशेत सहा महिने?
दिवसाला चार रुपयेबी पडत न्हाईत की.
एवढ्यात कटिंग तरी येतो का सांगा."
लेखाधिकारी कुंभोजकर हसतात, "सेवा आहे ही."
"व्हय, सेवाच की. मग करार कशापायी करताय?"

साडेसातशे. सातशे ऐंशी.
वजनकाटा कुणी आणायचा, मोबाइलचा रिचार्ज कुणी मारायचा,
ॲप बंद पडलं तर हजेरी कुठं लावायची.
चहा येतो, साय धरून निवतो.

मग मी कलम नऊ काढते.
"उपचार पूर्ण झाल्यासच रक्कम देय राहील."
दशरथ ऐवळेचं काय?
कोण दशरथ?

सूतगिरणीतला, साहेब. रात्रपाळी सुटली की
केसांत कापूस घेऊनच काउंटरशी यायचा.
माझ्यादेखत गोळ्या, माझ्याच तांब्यातलं पाणी,
आणि मग जीभ काढून दाखवायचा, रिकामी,
शाळेतल्या पोरासारखी.
एकदा वैतागून म्हणाला,
"बाई, आमच्या आईनंबी एवढं तोंड बघितलं नसंल माझं."
लघवी लाल झाली म्हणून हबकून आला तेव्हा
दुकानात गर्दी होती. मी खालच्या आवाजात सांगितलं,
औषधाचाच रंग आहे, भिऊ नको.
ते कुठल्या रकान्यात भरायचं, मला सापडलं नाही.

पाचव्या महिन्यात गेला.
नोंदीत त्याच्या नावापुढं आलं: अपूर्ण.
पुढच्या चौकटीत शून्य.

कुंभोजकर चष्मा काढतात. "बाई, नियम असा आहे की..."
नियम पाठ आहे मला.
आणि पैसे हवेत, खोटं कशाला बोलू,
दशरथ गेला म्हणून दुकानाचं भाडं थांबलं नाही.
पण आधी तो शब्द बदला.
एक दिवस न चुकवलेला माणूस
अपूर्ण कसा?

पंख्याचा आवाज इतका वेळ कुणी ऐकलाच नव्हता.
डॉक्टर हेरवाडे, सकाळपासून मोबाइलमध्ये मान घालून बसलेले,
वर बघतात. "दरमहा देता येईल?"
"लेखाशीर्ष बघावं लागेल."
समासात शिसपेन्सिलीनं 'दरमहा', पुढं प्रश्नचिन्ह.
पेनानं नाही. मी पाहिलं.

साडेतीनला आठशे दहावर सह्या झाल्या.
माझ्या सहीखाली मी लिहिलं: हरकत राखून.
बिराजदार जिन्यात विचारतात, "ह्यानं काय हुतंय?"
"ठाऊक नाही," मी म्हणाले.
हात चाळवत होते उगाच,
पदराखाली बोटांनी बोटं मोजत.

कुपवाडला शटर वर केलं तर
पायरीवर एक मुलगी, हातात नवं कार्ड,
बेदाण्याच्या शीतगृहात कामाला आहे म्हणाली.
"किती द्यायचे?"
मी तांब्या विसळत होते.
तुझे काही नाहीत.
गोळी मोठी आहे जरा. मान वर कर.
घाई नाही.